अमडापूरच्या काकूंचा फोन

खेळ माझ्या फोनवर चालत होता, आईच्या फोनवर चालत होता, लॅपटॉपवर चालत होता. बाबांच्या गुरांच्या ढेपीच्या दुकानात एक जुना टॅब पडून होता, त्यावर जरा रखडत का होईना, पण चालायचा. कोड एकच लिहिलेला. तो एकदा नीट लिहिला की कुठल्याही फोनवर तसाच उतरतो, असं मला शिकवलं गेलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता. फक्त आयफोनवर खेळ कसा दिसतो ते मी पाहिलं नव्हतं. खामगावात आयफोनवाले पुष्कळ होते, पण आमच्या घरी येण्या-जाण्यातलं कुणी नव्हतं.

पुण्याची नोकरी मी सोडली नव्हती, फक्त घरी आणली होती. दिवसभर कंपनीसाठी विम्याच्या अर्जांचे स्क्रीन बनवायचे. खेळ माझा स्वतःचा होता, सकाळी कामाला बसण्याआधीचा. स्क्रीनवर एक विहीर आणि चौकोनी वाफे. विहिरीवर बोट ठेवायचं आणि न उचलता पाणी प्रत्येक वाफ्यातून न्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यांदा जायचं नाही. पहिल्या पायऱ्या सोप्या, मग मधे दगड येतात, झाडं येतात, आणि माणूस अडकतो.

त्याच दिवसांत मला पाहायला अमडापूरची मंडळी आली. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी शेती. मुलगा, त्याचे आई-वडील आणि स्थळ आणणारे बाबांचे चुलतभाऊ. पोहे झाले, चहा आला, प्रश्न झाले. तेवढ्यात मुलाच्या आईचा फोन वाजला. त्यांनी पिशवीतून काढला तो आयफोन. मुलाने नवा घेतल्यावर जुना आईला दिलेला.

नंतर आई मला म्हणाली, "पोराकडं पाह्याचं सोडून तू त्या बाईच्या फोनाकडं काऊन पाहून राह्यली होती?"

खरं होतं. गच्चीवर मुलाशी पाच-दहा मिनिटं बोलायला पाठवलं तेव्हाही माझ्या डोक्यात तोच फोन होता. मुलगा सरळ होता. त्याने विचारलं, पुण्यात परत यायला आवडेल का. मी सांगितलं, मी आपल्या मनाने परत आले आहे, पुन्हा जायची फारशी इच्छा नाही. तो "बरं" म्हणाला. मग मी खेळाचं सांगितलं आणि विचारलं, "तुमच्या फोनवर एकदा उघडून पाहता का?"

"माझी बॅटरी संपत आलीय," तो म्हणाला. "आईच्या फोनवर पाहा ना. तिला आवडतात असले खेळ."

खाली येऊन मी त्याच्या आईला लिंक पाठवली. नंबर त्यांनीच सांगितला. काकूंनी चष्मा चढवला आणि विहिरीवर बोट ठेवलं. पहिली पायरी सुटली. दुसऱ्या पायरीत विहीर अगदी डावीकडच्या कडेला होती. त्यांनी तिथून उजवीकडे बोट ओढलं आणि खेळच निघून गेला. व्हॉट्सअॅपमधला शुभ सकाळचा फुलांचा फोटो समोर आला.

"गेलं," काकू म्हणाल्या. "माह्याच्यानं काई बिघडलं का?"

"नाही काकू, माझ्याच्यानंच बिघडलंय," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा उघडून पुन्हा ओढलं. पुन्हा फुलं. बाबा छताकडे पाहत होते.

मंडळी गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. दोष शोधायला वेळ लागला नाही. आमच्या घरच्या सगळ्या फोनांना मागे जायला खाली बटण होतं. त्या फोनला बटण नव्हतं. कडेवरून बोट आत ओढलं की तो मागे जायचा. माझा खेळ बरोबर कडेवरूनच बोट ओढायला सांगत होता. मी वाफ्यांच्या बोर्डाच्या चारही बाजूंना जागा सोडली. पण ते जमलं की नाही हे तपासायला फोन कुठून आणायचा?

आठवड्याभरात निरोप आला. मुलाला पुण्यात राहणारी मुलगी हवी होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही. नकार म्हणजे नकार. पण मुलगा खोटं बोलला नव्हता आणि मीही बोलले नव्हते. आई दोन दिवस कमी बोलली. खेळ तपासायला अमडापूरला फोन करून पाहावा का, असं मी सहज विचारलं तर ती म्हणाली, "नकार आल्यावर त्याईच्या घरी फोन करतेत का? लोक काय म्हणतीन?"

मी केला नाही. काकूंनीच केला. दुपारची वेळ होती.

"पोरी, तो खेळ अजून दुसऱ्याच पायरीवर हाये. मी रोज पाह्यतो."

दुरुस्त खेळाची लिंक नवीन होती, ती मी पाठवलीच नव्हती. मी कसंबसं "हो काकू" म्हटलं. माझं अवघडणं त्यांनाही जाणवलं असावं.

"अन् ते लग्नाचं," त्या म्हणाल्या, "ते त्याचं तो पाह्यते. माह्या मनात तू व्हती, पण माह्या मनावर काय हाये. मले हे सांग, पुढची पायरी कधी उघडन?"

मी नवी लिंक पाठवली. थोड्या वेळाने आवाजी निरोप आला, "उघडली वं!" मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

तिथून सुरू झालं ते सहा-सात महिने चाललं. शेतावरच्या माणसांची जेवणं उरकली की काकू खेळायला बसायच्या आणि अडलं की सांगायच्या. वरची ओळ फोनच्या काळ्या पट्टीखाली जाते. खालच्या ओळीतून बोट वर नेलं की खेळ बंद पडतो. विहिरीच्या नावातली वेलांटी कापली जाते. मी दुरुस्त करायचे, त्या पाहायच्या. आईला मी काही सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही, पण विषय काढला नाही.

तो आईनेच काढला. एका सकाळी ती फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"वाफे एवढे बारीक काऊन केले? माह्यं बोट दोन वाफ्यायवर पडून राह्यलं. आधी चांगलं व्हतं ना! कोनासाठी बदललं?"

कोड एकच होता. काकूंच्या फोनसाठी कडेला जागा सोडली की आईच्या लहान फोनवर बोर्ड आक्रसत होता. आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं.

आई खुर्चीत बसली. "म्हंजे तू त्या बाईशी रोज बोलतं?"

"रोज नाही. अडलं की."

"अन् मी इथं घरात हाये, तं मले इचारत नाही, मले अडते का नाही?"

माझी तयारी भलत्याच रागाची होती. हा राग वेगळाच निघाला. त्या दिवशी मी कंपनीचं काम बाजूला ठेवलं आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. कडेला ठरावीक जागा सोडण्याऐवजी प्रत्येक फोनलाच विचारायचं, तुला किती जागा लागते, आणि तेवढीच सोडायची. आईचे वाफे पुन्हा मोठे झाले, काकूंचं पाणी कडेवरून नीट वाहू लागलं.

मग काकूंचा फोन आला की आई हात पुढे करायची. सुरुवातीला दोघी जपून बोलल्या. तब्येत, कपाशी, पाहुणे. नंतर थेट, "तुमी कितव्या पायरीवर हा?" आई एखाद्या पायरीने मागे असली तर मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं, "सांगू नका, सांगू नका, मी काढतो."

आयफोनचं अॅप माझ्या लॅपटॉपवर तयार होत नव्हतं. त्यासाठी अॅपलचंच मशीन लागतं, ते इंटरनेटवरून भाड्याने घेतलं, ते सोपस्कार कंटाळवाणे होते. शेवटी खेळ आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे एकाच आठवड्यात आला. फार लोकांनी घेतला नाही. ज्यांनी घेतला त्यांतले काही अजून खेळतात. एका अनोळखी माणसाने लिहिलं की दगड जास्त आहेत, आणि ते मला पटलं. कंपनीची नोकरी चालू आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला काकू स्वतः खामगावला आल्या. जावं की नाही यावर बाबांनी बराच विचार केला. आई म्हणाली, "मी तं जातो." म्हणून आम्ही तिघंही गेलो.

मांडवात काकूंना बसायला उसंत नव्हती. तरी मला पाहून त्या आल्या आणि हाताला धरून आपल्या बहिणींकडे घेऊन गेल्या. एकीने विचारलं, "ही कोन?" मुलासाठी आधी पाहिलेली मुलगी असं काही त्या सांगतात की काय, म्हणून मी जरा आखडले.

"ही खामगावची," काकू म्हणाल्या. "माह्या फोनातलं वावर हिचं हाये."

फोनात शेत कसलं, ते बहिणीला समजलं नसावं, पण तिने मान हलवली. नवरा-नवरीला भेटलो. मुलगा माझ्याशी नीट बोलला, त्याच्या बायकोने खेळाचं नाव विचारून घेतलं. आई काकूंच्या जावेजवळ बसली होती, तिला उठवायला मला दोनदा जावं लागलं. जेवून आम्ही दुपारच्या एसटीने परत आलो.