लंकाबाईच्या हातची भाकरी

लंकाबाई माझी धाकटी नणंद. नवरा गेल्यापासून पंचवटीत सावित्रीबाईंच्या खानावळीत भाकऱ्या थापायची. सिन्नरची एसटी चुकली तरी चालेल, पण लंकाबाईची गरम भाकरी चुकवायची नाही, असली गिऱ्हाइकं होती तिची. तोंडाची फटकळ. ताटात कोणी टाकलं की भरल्या पंगतीत झाडायची.

ऐंशीच्या सिंहस्थाआधी खानावळीतल्या सगळ्यांना टायफॉइडची लस टोचली. लंका घाबरली, तेव्हा सावित्रीबाईंनी आधी स्वतः टोचून घेतलं आणि मग हिचा दंड धरला.

पुढे थोड्याच दिवसांत लंकेला थंडीताप भरला. गल्लीतल्या डॉक्टरने रक्ताची विडाल तपासणी करायला लावली. आकडा आला एकास एकशेसाठ. "टायफॉइड," म्हणून मोकळा झाला मेला, लशीचं विचारलंसुद्धा नाही! आणि आमची बया भोळी. रजा सांगायला गेली आणि टायफॉइडचं सांगून आली. ताप लवकरच उतरला. कामावर गेली, तर परातीपाशी दुसरीच बाई बसलेली.

मी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी लशीचंच विचारलं. म्हणाल्या, "टायफॉइडशी लढायला अंगात जे तयार होतं, ते या तपासणीत दिसतं. लशीनेही तेच तयार होतं. एका आकड्यावर काही ठरत नाही. आठवड्याने पुन्हा बघू. चांगलाच चढला तर टायफॉइडचा संशय धरायचा." आकडा होता तिथेच राहिला. शौचाची तपासणीही चांगली आली.

मी तडक खानावळीत गेले. सगळं ऐकून सावित्रीबाई म्हणतात कशा, "खरं असेल गं, पण गिऱ्हाईक काय म्हणेल?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीही तीच लस घेतलीत ना? काढा रक्त! तुमचंही असंच निघेल. मग गल्ल्यावरून उठणार का?"

त्या गल्ल्यापाशी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या.

लंकेने धुणीभांडी धरली. दिवाळीला आमच्याकडे आली, तेव्हा मी पीठ मळून परात तिच्यापुढे सरकवली. "लंके, तूच थाप. पोरं वाट बघतायत."

तिने हात मागे घेतले. "नको वहिनी. पोरांना काही झालं म्हणजे?"

"अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं," ती म्हणाली. "पण एवढी सगळी माणसं उगाच भितील का?"