आईनं घासलेले दिवे

खंडेनवमी, १९९९. घाटनांदूर, आमच्या दुकानासमोरचं अंगण. हजर: आई, मी, माझी बायको, माजलगावहून आलेला धाकटा भाऊ आणि त्याची बायको. वाहनं दोन, माझी जुनी जीप आणि भावाची नवी गाडी. झेंडूच्या माळा, लिंबं, भस्म आणि नारळ मी सकाळीच एका परातीत काढून ठेवले होते. कामंही वाटून दिली होती. वजनं-मापं माझी बायको धुणार, विळे आणि कात्र्या भावाची बायको, गाड्या आम्ही दोघं. आईला काम नेमून द्यायचं नसतं. तिचं ठरलेलं असतं.

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं धुऊन पूजेला मांडतात, ते सगळीकडेच. आमच्या घरात त्यातली एक वस्तू आई स्वतःच्या हातानं धुते. ज्या वस्तूवर घर चालतं ती. मग ती वस्तू पूजेत मधोमध बसते आणि भस्माचे पट्टे पहिल्यांदा तिलाच लागतात. वडील होते तोवर हा मान दुकानाच्या तराजूचा होता. त्यांच्यामागं दुकान माझ्याकडं आलं, तराजूही आला, आणि आई त्याची पारडी दरसाल चिंचेनं घासत राहिली. पुढं खेड्यांतून धान्य उचलायला मी जीप घेतली. जीप काही पाटावर बसत नाही आणि सगळी गाडी धुणं आईला झेपणारं नव्हतं, म्हणून आईनंच तोड काढली. गाडी मी धुवायची, पुढचे दोन दिवे तिनं.

दिवे धुवायची तिची पद्धत कंदिलाच्या काचेची. चुलीची राख चाळून घ्यायची, ओल्या काथ्याच्या बोळ्यावर घ्यायची आणि गोल गोल घासायचं. आमच्याकडं लाइट जायची तेवढी यायची नाही, त्यामुळं कंदील रोज घासला जायचा आणि तिचा हात त्यात बसलेला होता. जीपचे दिवे गोल, जाड काचेचे. वर्षभराचं तेलकट, किडे-चिलटं सगळं त्या राखेनं निघून जायचं. ती घासत असताना मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहायचो. ते माझं आवडतं काम होतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्या दिवशी आईनं पदर खोचला, राखेची वाटी घेतली, पायऱ्या उतरली. मी जीपच्या तोंडाशी तांब्या घेऊन तयार होतो, तिला बसता यावं म्हणून बादलीही बाजूला सरकवली. ती माझ्यासमोरून पुढं गेली आणि भावाच्या गाडीपुढं उकिडवी बसली.

"आई, जीप इकडं हाय," मी म्हणालो.

"दिसतीया की. आंधळी न्हाई झाले अजून."

"दरसाल तू हिचेच दिवे..."

"तुझे तू घे की धुऊन. हात न्हाईत का तुला?"

भाऊ हसला. "दादा, जळायला लागले की तुमी!"

लागलोच होतो. तो माजलगावला गेला, धरणाचं पाणी, सगळीकडं ऊस, ज्याला त्याला मोटारी आणि पाइप हवे, आणि याच्याकडं नेमकी त्यांचीच एजन्सी. बँका गाडीला कर्ज द्यायला लागल्या, तर यानं ते पहिल्या झटक्यात उचललं. नवीन तऱ्हेची गाडी. दिवे गोल नाहीत, बोनेटच्या कडेनं वळत गेलेले, मोठ्या डोळ्यांसारखे. हे सगळं मी गिळलं होतं. पण आईला रोज दोन वेळचं ताट वाढणारं घर माझं, तिच्या गोळ्या वेळेवर आणणारा मी, आणि घर चालवणारी वस्तू म्हणून तिनं बघितली ती पाहुण्यासारख्या येणाऱ्याची गाडी!

मी बोअरच्या मोटारीला पाइप जोडला आणि जीपच्या दिव्यांवर पाण्याचा फवारा धरला. बराच वेळ धरला. दिव्यांमागचं रबर जुनं झालेलं होतं, हे मला ठाऊक असूनही धरला. परिणाम दुसऱ्या दिवशी कळला. डाव्या दिव्याच्या काचेत आतून पाणी साचलेलं, आणि पुढं महिन्याभरात दिव्याच्या आतल्या, उजेड पुढं फेकणाऱ्या वाटीचा चकचकीत मुलामा तांबारून गेला. पण ते नंतरचं.

इकडं आईचे दिवे ओले होते तोवर फार सुंदर दिसत होते. तिनं लांबून बघितले, जवळून बघितले आणि समाधानानं आत गेली. ऊन चढलं, दिवे वाळले, आणि त्यांच्यावर दुधाळ साय आल्यासारखं झालं. जवळ जाऊन बघितलं तर गोल गोल बारीक ओरखडे, जुन्या स्टीलच्या ताटाला असतात तसले, दाट.

"अगंबाई! गाडीला मोतीबिंदू झाला की," भावाची बायको म्हणाली.

"गप. आत ऐकू जाईल," भाऊ म्हणाला. त्यानं दिव्यावर नख वाजवून बघितलं. काचेचा आवाज आला नाही, डब्याच्या झाकणाचा आला. "दादा, काच न्हाईच ही. प्लॅस्टिक हाय."

तेवढ्यात आई कुंकवाची वाटी घेऊन दारात आली. भावानं बादलीजवळचा तांब्या उचलला आणि दोन्ही दिव्यांवर पाणी मारलं. ओरखडे गायब. दिवे पुन्हा लख्ख.

"बघा कसे निघाले," आई म्हणाली. "तिकडं माजलगावला कोण घासतंय एवढं?"

"लई भारी, आई. नव्यापेक्षा नवे."

पूजा होईपर्यंत हेच चाललं. आई बाहेर आली की तो पाणी मारायचा. शेवटी माझ्या बायकोला राहवलं नाही. "भावजी, गाडीला सारखी आंघोळ घालताय, बाळंतीण हाय का ती?" आई हसली आणि म्हणाली, "घालू दे. जपतोय गाडीला." मधोमध त्याची गाडी होती. भस्माचे पट्टे पहिल्यांदा तिला लागले. जीपला नंतर लागले, तिच्या दिव्यांवर एक ओरखडा नव्हता, आणि ती स्वच्छ काच बघून मला आणखीच वाईट वाटलं.

खरं नुकसान पुढं सुरू झालं. असले दिवे वरून जपलेले असतात, त्यांच्यावर एक पातळ लेप असतो आणि राखेनं तो गेला होता. आता उन्हानं ते पिवळे पडत चालले. उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी दिव्यातच पसरून राहायचा. पूर्वी भाऊ आला की जेवून, गप्पा मारून आरामात निघायचा. आता चहा झाला की उन्हं कलायच्या आत चावी हातात. आईला कारण माहीत नव्हतं, म्हणून तिनं आपलं एक शोधलं.

"कावून एवढी घाई?" ती धाकट्या सुनेला म्हणायची. "आमच्या घरचं जेवण गोड लागंना का तुमास्नी?"

ती बिचारी खाली बघायची. पुढं तिनं यायचंच कमी केलं आणि तिच्याबरोबर भावानंही.

संध्याकाळी आई माझी एकट्याची झाली. मला बरं वाटायला हवं होतं, आणि पहिले काही दिवस वाटलंही. मग लक्षात आलं, ती दारात बसते ती रस्त्याकडं तोंड करून. मी शेजारी बसलो तरी तोंड तिकडंच. तो नसतानाही अर्धी जागा त्याचीच.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी भावानं दिव्यांवर टूथपेस्ट घासून घेतली. थोडे उजळले. आईनं गाडी बघितली आणि कपाळाला आठी घातली. "वर्षभर कुणी हात लावला न्हाई वाटतं. पिवळे पडलेत बघ." त्या वर्षी तिनं राख जास्त घेतली. मी मध्ये पडलो. म्हणालो, यंदा जीपचे घास, तिचा एक दिवा मी नवा बसवलाय.

"तुझी जीप सांजच्याला दारात असती," ती घासता घासता म्हणाली. "तू कुठं जातोस अंधाराचं? तो एवढ्या लांबून येतो-जातो, ट्रकांचा रस्ता. त्याला दिसाया नको? तुझी काळजी न्हाई बघ मला."

लोक हे वाक्य कौतुक म्हणून सांगतात. मी ते घेऊन आत गेलो आणि दुकानाची वजनं पुन्हा एकदा पुसली, पुसलेली असताना. घर चालवायची वस्तू वगैरे काही नव्हतं तर. ज्याच्या वाटेवर अंधार, त्याचे दिवे ती घासत होती. मी अंधाराच्या आत घरी येतो, वेळेवर, दरवेळी. त्याचं बक्षीस म्हणजे माझी काळजी नाही.

निघताना भावानं मला दुकानात गाठलं. "दादा, आता तुमीच सांगा तिला. मी सांगितलं तर तिला वाटंल, पोरगं नुकसानीचं बोलतंय. बायकोनं सांगायची तर सोयच न्हाई. तुमचं ऐकतीय ती."

मी हो म्हणालो. माझ्या कामांच्या यादीत ते गेलं आणि तिथंच आहे. त्याला आता वर्ष होत आलं. यंदा भावानं दोन्ही दिवे नवे बसवले आहेत. खंडेनवमी तोंडावर आली, तो येतोय, बायकोला घेऊन येतोय, रात्री जेवून जाणार म्हणतोय. त्याच्या आत मला आईपुढं बसून सांगायचं आहे की ती काच नव्हती, प्लॅस्टिक होतं, राखेनं ते खराब होतं, आणि सून घाई करत होती ती उजेडासाठी.

दोनदा बसलो. पहिल्यांदा तिनं विचारलं, त्याचा फोन आला का. दुसऱ्यांदा मीच थांबलो. सांगितलं की ती त्याच्या गाडीला हात लावणार नाही आणि वाटी घेऊन जीपकडं येईल. मला तेच हवं आहे, आणि ते असं नको आहे. तिला आपण काय केलं हे कळेल तेव्हाचा तिचा चेहराही मला बघायचा नाही.

उद्या सकाळी तिच्या गोळ्यांच्या वेळेला पुन्हा बसणार आहे. सांगायचं अजून राहिलंच आहे.