आबांनी बंद केलेला पंप

यंत्रावर एकोणपन्नास आकडा आला तेव्हा मला वाटलं, यंत्रच बिघडलं. तनिष्काला पाणी पाजलं, जरा बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा एकोणपन्नास.

लोणावळ्यातल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. मुलांच्या श्वासाच्या टेस्ट घेते. त्यातली ही सगळ्यात सोपी. मुलानं नळीत सावकाश, एकसारखं फुंकायचं. श्वासनलिकेला आतून दम्याची सूज असली की श्वासातून एक वायू जास्त येतो आणि यंत्र तो मोजतं. सूज जास्त तर आकडा मोठा; मुलांमध्ये तो विसाच्या आत असला तर ठीक. मला वीस वर्षांत याहून सोपं करून सांगता आलेलं नाही.

तनिष्का वडिवळ्याची, नऊ वर्षांची. दमा सौम्य. पळाली की खोकायची, म्हणून शाळेच्या कबड्डीत तिला बाहेर बसवायचे. तीन महिन्यांपूर्वी आकडा बावन्न होता. आमच्या डॉक्टर मॅडमनी सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप, म्हणजे इनहेलर दिला, सकाळ-संध्याकाळ एकेक डोस. पंपाची सवय लागते, असं तिच्या आईच्या मनात लोकांनी भरवलं होतं. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ती तीन महिन्यांवर राजी झाली. टेस्टमध्ये फरक दिसला तर पंप चालू, नाहीतर बंद.

फरक दिसला होता फक्त तीनचा. आई कान्हे इथल्या कंपनीत ड्यूटीवर होती. पोरीला घेऊन आजोबा आले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला, फॉर्म पाहिला. फॉर्ममध्ये ‘औषध नियमित’ समोर माझी खूण होती. डोस दुप्पट करू, म्हणाल्या. आबांचा चेहरा उतरला. "बाई, डोस वाढला तर सून पंपच ठिवायची न्हाई घरात," ते म्हणाले. ते खरंच होतं.

मॅडमनी मला पंप घ्यायची पद्धत तपासायला सांगितली. पोरीनं बिनचूक करून दाखवलं. पंपानंतरची चूळसुद्धा न सांगता भरली. मग मी पंपावरचा काउंटर बघितला. किती डोस उरले ते त्यावर दिसतं. हिशेब केला, तर सोळा डोस जास्त उरले होते. रोजचे दोन धरले तर आठ दिवसांचे.

मी आबांना विचारलं, "मधे औषध चुकलं का हो?"

"चुकलं न्हाई. म्याच बंद केलतं. आठ दिस झालं."

"का?"

"आज तपासनी हाय म्हनून."

आबा रेल्वेत गँगमन होते. उभी हयात कामशेतच्या आसपास रूळ सांभाळण्यात गेली. ते शांतपणे सांगू लागले, "सायेब इन्स्पेक्शनला येनार म्हनलं की लोकं आदल्या दिशी खडी सारखी करायची. मला ते कदी पटलं न्हाई. सायबाला जसं हाय तसं दिसलं पायजे. औषीद घिऊन आलो तर मशिनला खरा आजार कसा दिसंल?"

मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, कारण त्यांच्या जागी मी असते तर दोन्ही केलं असतं. त्यांनी खुर्ची आबांजवळ ओढून समजावलं. आम्हाला आजार बघायचा नव्हता, औषधाचं काम बघायचं होतं. पंप बंद केला की सूज हळूहळू परत चढते. खोकला मागाहून येतो, म्हणून पोर ठणठणीत दिसते आणि आकडा मात्र वाढलेला असतो. डोस तोच ठेवला. पाच आठवडे एकही दिवस न चुकवता पंप घ्यायचा आणि टेस्टच्या दिवशीही घेऊनच यायचं. सुनेला मॅडमनी स्वतः फोन केला आणि पाच आठवडे मागून घेतले.

पाच आठवड्यांनी आई रजा टाकून आली, सोबत आबाही. तनिष्कानं फुंकलं. एकोणीस.

आईनं आकडा दोनदा वाचला. "मग चालू ठेवते," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. आबांनी मला हात जोडले. मला लाज वाटली, कारण हात मी जोडायला हवे होते.

‘औषध नियमित’ ही खूण मी त्यांना न विचारताच केली होती. आई काळजी घेणारी, पोर हुशार, मग घेतच असणार, असं धरून. आता मुलाच्या हातात नळी देण्याआधी मी शेवटचा डोस कधी घेतला ते विचारते. बहुतेक लोक "रोज घेतो" म्हणतात. मग मी काउंटर बघते. आबांसारखं खरं सांगणारं माणूस त्यानंतर मला एकच भेटलं, आणि ते पाच वर्षांचं होतं.