वहिनींच्या बोटातली मुंदी

वहिनी गेल्याचा फोन घरमालकांकडे आला. जळगावात आमच्या खोलीत फोन नाही, म्हणून त्यांनी जिन्यातून हाक मारली. पलीकडून थोरल्या भावाचा, नानांचा आवाज होता. "ती गेली रे," एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. बाकीचं गावी पोहोचल्यावर कळलं. कपाशीच्या शेतातून दुपारी घरी आल्या, छातीत कळ येते म्हणाल्या, आणि बोदवडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती. याला आता दीड महिना झाला. इतके दिवस लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

वहिनी साक्रीकडच्या. लग्न होऊन बोदवडजवळच्या आमच्या गावी आल्या तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या भागातली बोली वेगळी, त्यांची वेगळी. त्यांच्या तोंडी 'आहे'च्या जागी कायम 'शे' असायचं. घरातल्या बायका हसायच्या, वहिनीही हसायच्या, पण बोली त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. त्यांच्या बोटात एक जुनी अंगठी होती, तिलाही त्या मुंदी म्हणत. ती माझ्या आजीची. आजीने साखरपुड्यात आईच्या बोटात घातली आणि आईने वहिनींच्या. वर आठ पाकळ्यांचं फूल होतं. पाकळ्या इतक्या झिजलेल्या की बोट फिरवल्याशिवाय मोजता येत नसत. सुरुवातीला ती वहिनींना सैल व्हायची, आतून दोरा गुंडाळून घालत. पुढे प्रकाश झाला, त्याच्या पाठीवर आणखी एक बाळंतपण झालं, शेतातली कामं झाली, आणि अंगठी अशी रुतली की निघेना.

मी जळगावला नोकरीला लागलो, त्यानंतर वर्षभरात आई गेली. पुढच्या वर्षी शिरपूरची मुलगी पाहायला आम्ही गेलो. मंगल शिकलेली, शाळेत शिकवणारी. मला ती पाहताक्षणी आवडली आणि त्याच क्षणी आपलं घर, आपले कपडे, सगळंच थोडं कमी वाटायला लागलं. चहा झाल्यावर वहिनींनी मंगलला जवळ बसवून घेतलं, पदराचा एक दोरा ओढून काढला आणि बोलता बोलता तिच्या बोटाला गुंडाळून गाठ मारली. मला वाटलं, नवी अंगठी करायला माप घेतलं. मनातून बरं वाटलं.

आठ दिवसांनी वहिनी एकट्याच बसने जळगावला आल्या. म्हणाल्या, सोनाराकडे चला. बोटाला साबण लावून झाला होता, तेल लावून झालं होतं, दोरा गुंडाळून ओढून झालं होतं. बोट सुजून लाल झालेलं. अंगठी कापून काढायची आणि दोऱ्याच्या मापाची करून मंगलला घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. नानांना विचारलं का, तर म्हणाल्या, सांगून आले. मी खूप समजावलं. नवी करू, माझ्याकडे पैसे आहेत म्हणालो. रीतीने ती तुमच्या प्रकाशच्या बायकोची आहे, हेही म्हणून पाहिलं. खरं कारण मात्र बोललो नाही. शिरपूरकरांपुढे झिजलेली अंगठी काढायची मला लाज वाटत होती.

दुकानात सोनाराने बारीक करवत काढली. आधी त्यानेही विचारलं, मोडून नवीच घडवू का, याच सोन्यात चांगली होईल. वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भाऊ, सासू तं तिले भेटनी नही. सासूनी मुंदी तरी भेटू दे."

 करवत चालली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. अंगठी निघाली आणि बोटावर पांढरी, खोल खाच उरली. वहिनी ती खाच अंगठ्याने चोळत राहिल्या... बसस्टँडवर येईपर्यंत चोळत होत्या.

साखरपुडा शिरपूरला झाला. सोनाराने अंगठी मापाची केली होती, पण जोडल्याची रेघ मागून दिसत होती. मंगलच्या मामांनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की तुटलेली अंगठी आम्ही मुलीच्या बोटात घालू देणार नाही, अशानं संसार तुटतो.  नाना उठायच्या बेतात होते. मी खाली पाहत बसलो. ज्याचा साखरपुडा तो मी, आणि मी सतरंजीकडे पाहत होतो. आज हे लिहितानाही त्याचं वाईट वाटतं.

वहिनी जागेवरून उठल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि मामांसमोर आपला हात धरला. खाच अजून भरली नव्हती.

"मामा, मुंदी टुटनी नही," त्या म्हणाल्या. "मना बोटमातीन निंघे ना, म्हनीसन मीच कापी लिधी."

आवाज चढलेला नव्हता. शिरपूरच्या माणसांना ती बोली समजावून सांगायची गरज नव्हती. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी विचारलं, किती वर्षं होती बोटात? बारा-तेरा, वहिनी म्हणाल्या. मामा त्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी अंगठी वहिनींच्या तळहातावर ठेवली. तेवढ्यात मंगलने स्वतःच हात पुढे केला. अंगठी अगदी बरोबर बसली.

वहिनींनी त्या बोटात पुन्हा कधी अंगठी घातली नाही. खाच हळूहळू भरली, तरी तिथली कातडी थोडी उजळच राहिली. दोन वर्षांपूर्वी प्रकाशचं लग्न ठरलं तेव्हा मंगल गावी गेली, अंगठी बोटातून काढून वहिनींपुढे ठेवली आणि म्हणाली, "अक्का, आता ही तुमच्या सुनेची." वहिनींनी ती पुन्हा मंगलच्या बोटात सरकवली. होणाऱ्या सुनेला खड्याची, नव्या घडणीची हवी होती आणि वहिनींनी तिला बरोबर नेऊन तिच्या पसंतीची घेतली होती. तिला सासू आहे की, असं हसून म्हणाल्या. मला वाटायचं, वहिनींना घराण्याची रीत पुढे चालवायची होती. तसं नव्हतं. ज्या पोरीला सासूचा हात मिळाला नाही, तिच्यासाठी त्यांनी ते बोट सोलून घेतलं होतं. हे मला त्यांच्याजवळ कधीतरी बोलायला हवं होतं. सतरंजीकडे पाहत बसल्याचंही. राहून गेलं.

आमच्या लग्नानंतर लगेचच वहिनींनी मंगलला एक गोष्ट सांगून ठेवली होती, ती मला मंगलनेच मागाहून सांगितली. रोज एकदा अंगठी काढत जा. बोटात रुतू देऊ नको. जी काढता येते, तीच कुणाला देता येते. तेव्हापासून रोज संध्याकाळी कणीक मळायच्या आधी मंगल अंगठी काढून फळीवरच्या वाटीत ठेवते आणि पोळ्या झाल्या की हात धुऊन पुन्हा घालते. इतक्या वर्षांत त्या वाटीचा बारीक आवाज माझ्या कानांना सवयीचा झालेला.

वहिनींचे दिवस करून गावाहून परतलो, त्यानंतर मंगल अंगठी काढेना. तशीच कणीक मळायची. पाकळ्यांमध्ये पीठ वाळून बसायचं. मी पाहत होतो... परवा संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आत नळ बराच वेळ चालू होता. मग तो बंद झाला आणि वाटी वाजली.