जिताड्याचा मान

काल दिवाळे गावच्या मासळीबाजारात ताजा जिताडा दिसला आणि मी एकदम भडकले. कोळीण म्हणाली, "ताय, मासा घेतेस का भांडतेस?" तिला काय सांगू? माझं भांडण बाबांशी होतं आणि बाबांना जाऊन वर्षं झाली.

मी कॉलेजात असताना माझं अपेंडिक्स पोटातच फुटलं. ऑपरेशन केलं ते आमच्या भागातल्या पहिल्या बाई सर्जननं. मी वाचले. आमच्या खाडीकाठी मोठ्या उपकाराची परतफेड जिताड्यानं करतात, म्हणून बाबा दवाखान्यात आले ते हातभर जिताडा मिरवत. अहाहा, काय मासा! चांदीसारखा लखलखीत, खाऱ्या पाण्याच्या वासानं सगळा वॉर्ड भरून टाकणारा. बाबा बाईंच्या समोरून ऐटीत गेले आणि तो त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात ठेवला.

"सायेब, तुमी होते म्हनून माजी पोर वाचली."

डॉक्टर कानकोंडे झाले. "अहो काका, मी नुसतं झोपवलं. ऑपरेशन मॅडमनी केलं."

"त्या हायेत ना मदतीला!"

बाईंनी पुढे येऊन मासा सरळ ओढून घेतला. "काका, तुमच्या मुलीच्या पोटात माझे हात होते. हा माझा."

"बरं बाय, निम्मा सायबांना द्या."

"निम्मा? मग टाकेपण निम्मेच घालायचे होते का?"

हा किस्सा मी लग्नांत नकलांसकट सांगते. या वाक्याला टाळ्या हमखास. पण ते बोलताना बाईंचे हात संतापानं थरथरत होते. त्या हातांची नक्कल मी करत नाही. तिथे माझेच थरथरायला लागतात.