मोरीत एकही मुंगी नव्हती

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. भूत दिसलंच असतं तर मी त्याला चहा विचारला असता. पण मुंग्यांचं काय करू?

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात. मी रिठदची नवी सून, सातवी पास – म्हणजे स्वतःला डॉक्टरीणच समजायची! सासऱ्यांना, मामंजींना, मधुमेह. वाशीमच्या डॉक्टरांनी मला शिकवलं होतं : सकाळची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात उकळायची. निळीच राहिली तर साखर नाही. विटकरी झाली तर भरपूर, मग इन्सुलिनची सुई द्यायची.

मामंजींची तपासणी वेगळी. मोरीत मुंग्या लागल्या की साखर वाढली! ते रोज वारुळाला साखर-पीठ घालायचे. मी ते बंद केलं. शिवाय चोरून खातात म्हणून घरातली साखर, गूळ सगळं शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलं. काय ती हुशारी!

त्या दिवशी घरचे सगळे पोहरादेवीच्या यात्रेला गेलेले, काकूसुद्धा. घरात आम्ही दोघंच. नळी विटकरी झाली.

"सूनबाई, आज सुई राहू दे वं. मोरीत एकबी मुंगी नाही."

"मुंग्या काय सातवी पास हाएत, मामंजी?"

"नापास असतीन. पन खोटं नाही बोलत."

"अन् नळी बोलते?"

"मले काय मालूम! दे बाप्पा."

दिली. चूल पेटवून वरण शिजेतोवर मामंजी घामानं थबथबलेले, हात थरथरतायत, दातखिळी बसलेली. सुई जास्त झाली तर लगेच साखर द्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं... आणि साखर काकूंच्या कुलपात!

कुलूप फोडायला दगड उचलला, वळले, तर उंबरठ्यापासून मामंजींच्या खाटेपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग. प्रत्येकीच्या तोंडात पांढरा कण. खाटेच्या पायाशी ठेवायच्या आणि परत फिरायच्या. छोटीशी ढिगोळी झालेली. बोट लावून चाखलं... साखर! मुंग्यांसकट उचलली आणि मामंजींच्या गालात चोळली.

बऱ्याच वेळानं डोळे उघडले. "काय चारलं वं? चावून राह्यलं!"

डॉक्टर म्हणाले, लघवी रात्रभर साठलेली असते, ती रात्रीची बातमी सांगते. आत्ता रक्तात काय चाललंय ते नाही. पटलं. "आणि मुंग्या?" – "म्हाताऱ्यानं साखर लपवली असेल." मामंजींनी माझ्या गळ्याची आण घेतली. मी घर उपसलं – कण नाही. रांग उंबरठ्याबाहेर कुठेच जात नव्हती. आणि मुंग्या साखर वारुळात नेतात हो... माणसाला आणून देतात का कधी?

आता तोच आजार मला. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं याची तपासणी नातीनं करून घेतली. दोन लॅब, दोन वेगळे आकडे! डॉक्टर म्हणाले, खरा आकडा कळेपर्यंत आहे तीच सुई चालू ठेवा. नात तिसरी लॅब शोधतेय. मी आपली रोज बाथरूमचा कोपरा बघते, मुंग्या असतात.

आज नव्हत्या. पलंगाखाली मात्र चिमूटभर साखर.

"आजी, तूच सांडलीस," नात म्हणाली. चोरून खाते मी, कबूल. पण सांडत नाही!

आतून विचारतेय, "आजी, सुई घेतली का?"

सुई अजून हातातच आहे...