सशाला ण आवडतो

मला सशाची किळस येते. खऱ्या सशाची नाही, त्या बिचाऱ्याने माझं काय घोडं मारलंय! माझ्या वर्गातल्या डिजिटल फळ्यावर निळी हाफ पँट घालून, पुढचे दोन दात काढून हसणारा जो ससा होता, त्याची. मूल चुकलं की तो कान पाडायचा आणि लाडिक, ओल्या आवाजात म्हणायचा, "अरेरे! पुन्हा प्रयत्न कर!" आजही कुणी सहज 'अरेरे' म्हटलं तरी मी तिथून उठते.

मी तिसरीला शिकवते. आमची शाळा भुईगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मागे केळीची बाग, पुढे सात मजल्यांच्या नव्या इमारती. वर्गात बागायतवाल्यांची मुलं आहेत, खाडीकडच्या मीठ आणि मासळीवाल्या घरांतली आहेत आणि नालासोपाऱ्याचं भाडं सोडून इकडे फ्लॅट घेतलेल्यांचीही आहेत. त्यामुळे एका बाकावर तीन तऱ्हेची मराठी बसते. मी स्वतः साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले, म्हणजे चौथी तऱ्हा माझी.

यावर मी माझ्यापुरता एक तोडगा काढला होता. वर्गात प्रत्येक शब्दाचे दोन भाऊ असतात, एक घरचा आणि एक पुस्तकातला. पुस्तकातला 'डोळा', घरचा 'डोला'. पुस्तकातला 'कोण', घरचा 'कोन'. लिहिताना पुस्तकातला लिहायचा, बोलताना जो आधी तोंडात येईल तो. मुलांना हा खेळ फार आवडायचा. मी 'मीठ' म्हटलं की ती विचारायची, "बाई, याचा भाऊ?" मी म्हणायची, "हा एकुलता एक." वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मुलं हळूहळू दोन्हीकडचं शिकत होती. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग कामणला गोदामं असलेल्या एका दात्याने शाळेला तो फळा दिला. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. फळ्याच्या चौकटीवर दात्याचा हात जोडलेला फोटो चिकटवला होता. मी सातचा पाढा घेत असताना तेही गृहस्थ हसत बघत असायचे. इंटरनेट मात्र त्यांनी दिलं नव्हतं. ते माझ्या मोबाईलवरून चालायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, रोज अर्धा तास शैक्षणिक वेबसाइट लावायचीच. वरून विचारणा होते." वर कोण बसलंय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या वेबसाइटची मराठी ऐकून मला पहिल्याच दिवशी शिसारी आली. 'आपण किती छान कार्य केले आहे!' असं आठ वर्षांच्या पोराला कोण म्हणतं? 'आपलं गाव' नावाच्या धड्यात लाल कौलांचं घर, धुराडं आणि छपरावर बर्फ. बर्फ! आमच्याकडे मुलं बर्फ बघतात तो मासळीच्या टोपलीत.

आणि जाहिराती. गुणाकार सुरू होण्याआधी पत्त्यांच्या खेळाची जाहिरात यायची, ती बंद करायची फुली इतकी बारीक की माझं बोट भलतीकडेच पडायचं. आठवड्याभरात अख्ख्या वर्गाला ती पाठ झाली. जाहिरातीच्या शेवटी तो माणूस घाईघाईने म्हणतो ना, यात आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीने खेळा, ते माझी पोरं एका दमात, पाढ्याच्या चालीवर म्हणायची. मैदानात लंगडी सुरू करण्याआधीसुद्धा कुणीतरी ओरडायचं, "जबाबदारीने खेळा!" इतर शिक्षिका हसल्या. मला हसू आलं नाही. घाण आपल्याच हाताने घरात आणून ठेवल्यासारखं वाटायचं.

पण हे सगळं मी गिळलं. खरा राग आला तो वाचनाच्या खेळाने.

त्यात फळ्यावर एक वाक्य यायचं. मुलाने पुढे येऊन माइकमध्ये ते मोठ्याने वाचायचं. बरोबर शब्द हिरवा, चुकीचा लाल. सगळं हिरवं झालं की सशावर गाजरांचा पाऊस पडायचा. लाल आलं की कान खाली आणि "अरेरे!" महिनाअखेरीस वेबसाइट स्वतःच मुलांचे गट पाडायची. मुख्याध्यापकांनी ठरवलं की लाल गटातल्या मुलांना शेजारच्या खोलीत बसवून पुन्हा अ-आ-इ-ईपासून सुरुवात करायची.

माझ्या वर्गात खाडीकडची एक मुलगी होती. तिची आई बाजारात सुकी मासळी विकते. ही मुलगी वर्गात सर्वांत छान वाचायची. छान म्हणजे नुसतं भरभर नव्हे. गोष्टीत म्हातारी आली की तिचा आवाज म्हातारा व्हायचा, वाघ आला की मागच्या बाकावरचीसुद्धा गप्प व्हायची. अर्थ कळल्याशिवाय ती पुढचं वाक्य वाचायचीच नाही, अडायची आणि विचारायची. अशी मुलं शिक्षकाला फार वर्षांनी एखादी मिळतात. तिच्या तोंडात फक्त 'ण' नव्हता. तिच्या आईच्या तोंडात नाही, आजीच्या नाही, अख्ख्या आळीच्या नाही.

ती हौसेने माइकसमोर गेली. फळ्यावर वाक्य होतं, 'विहिरीचे पाणी थंड होते.'

"विहिरीचे पानी थंड होते," ती म्हणाली, आणि थंड म्हणताना खांदेसुद्धा शहारले तिचे.

'पाणी' लाल झालं. "अरेरे! पुन्हा प्रयत्न कर!"

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा लाल. तिला कळेना. ती फळ्याजवळ जाऊन तो शब्द बोटाने चाचपून आली, मग माझ्याकडे वळली. "बाई, पानीच लिवलाय ना?" तोवर वर्ग सशाबरोबर 'अरेरे' म्हणायला लागला होता. मी दरडावून वर्ग गप्प केला, पण सशाला दरडावता येत नाही.

तिच्यानंतर नव्या इमारतीतली एक मुलगी आली. घरी हिंदी बोलणारी, गुणी पोर, तिच्यावर माझा काही राग नाही. तिने खडखडीत वाचलं. सगळं हिरवं, गाजरंच गाजरं. मी विचारलं, "विहीर म्हणजे काय गं?"

"मालूम नहीं टीचर," ती आनंदाने म्हणाली, "पण ग्रीन आलं ना!"

त्या वेबसाइटचा एक तरुण शाळेत यायचा, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. मी त्याला धरलं. म्हटलं, "ही मुलगी उत्तम वाचते. तुमच्या सशाला कानाचा डॉक्टर दाखवा."

तो हसला. "मॅडम, सिस्टम स्टँडर्ड मराठी ऐकते. मुलांना करेक्ट व्हायला हेल्पच भेटते ना."

"भेटते नाही, मिळते," मी म्हटलं. "माणसं भेटतात. अरेरे, पुन्हा प्रयत्न करा."

त्याचे कान लाल झाले. मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याने काही बदललं नाही. तो चहा पिऊन गेला आणि ससा राहिला. मुख्याध्यापकांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले, "अहो, शुद्धच बोलायला शिकतेय ना? चांगलंच आहे की." मी म्हटलं, "सर, शुद्ध पाणी असतं, तूप असतं. मुलीचं तोंड काय अशुद्ध आहे?" त्यांनी फाइल उघडली. आमच्या शाळेत फाइल उघडली म्हणजे बाईंनी जावं.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी स्वतःहून उठली. डोळे चमकत होते. घरून काहीतरी तयारी करून आलेलं मूल लगेच ओळखू येतं. माइकसमोर उभी राहिली, जीभ टाळ्याला लावून, मान ताणून म्हणाली, "विहिरीचे पाणी थंड होते."

हिरवं! गाजरं पडली, वर्गाने टाळ्या वाजवल्या. तीही उड्या मारायला लागली. खांदे मात्र या वेळी शहारले नाहीत. विहिरीचं पाणी थंड आहे की गरम, याच्याशी तिला आता काही घेणंदेणं उरलं नव्हतं.

लगेच पुढचं वाक्य आलं. 'नदीला नवीन पाणी आले.'

तिने मान ताणली. "णदीला णवीण पाणी आले."

लाल, लाल, हिरवं, हिरवं. "अरेरे!"

वर्ग हसून हसून बाकांवर पडला. ती हलली नाही. तिला वाटलं असणार की आपला ण कमी पडला, म्हणून तिने आणखी जोर लावला. "णणदीला" असं काहीतरी झालं, तोंडातून थुंकी उडाली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "बाई, सशाला ण आवडतो ना?"

मी पुढे होऊन माइक बंद केला. उठलेलं मूल खाली बसवायला एक क्षण पुरतो, हे मला माहीत होतं. पण ते काम गोड बोलून, गाजरं उधळून करता येतं, हे तेव्हा कळलं. त्यानंतर तिने वाचायला हात वर केला नाही. मी नाव घेऊन उठवलं तर ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. दोन भावांचा खेळ घेतला तर मुलं म्हणू लागली, "बाई, घरचा चूक असतो." महिना संपला. ती लाल गटात आली. तिला उद्यापासून शेजारच्या खोलीत पाठवा, असा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाठवलं नाही. फळ्याची वायर काढली, गुंडाळली आणि माझ्या कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. कुणी विचारलं तर सांगायचं, बिघडलाय. ते काही खोटंही नव्हतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली. टोपली दाराबाहेर ठेवून, पदराने हात पुसत आत आली. मुलगी एकटीच बाकावर डबा खात होती. आईला बघून तिने मान खाली घातली.

"बाई, हिला काय झाला वो?" आई म्हणाली. "घरान बोलंच नाय. काल जेवताना मी बोल्ली, पानी दे गो. उठली नाय. माझ्याकडं बघून बोल्ली, अरेरे, पुन्हा प्रयत्न कर." हे सांगताना ती हसली. सगळे हसतात तसं, पोरांची गंमत सांगताना. "मी परत बोल्ली, पानी दे. परत तसाच. मंग मीच उठली न् घेतला."

हसू संपलं. ती जवळ आली, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली केला.

"कसा बोलाचा ता मना शिकवा ना, बाई. मना जमंल. पोरीनं पानी दिला पायजे ना."

आणि तिथेच, माझ्या टेबलापाशी, ती म्हणून बघायला लागली. "पानी. पान्नी. पा... पानी." प्रत्येक वेळी थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. लाल की हिरवं ते शोधत होती. ज्या आईने या मुलीला बोलायला शिकवलं, ती माझ्या चेहऱ्यावर सशाचे कान शोधत होती. मला इतकी लाज आणि इतका संताप एकदम कधीच आला नव्हता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पहिलंच बरोबर होतं." मग मुलीकडे वळून मी मोठ्याने, माझ्या आयुष्यात प्रथमच, त्यांच्यासारखं म्हटलं, "आईला पानी दे गं."

ती दचकली. माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून भिंतीवरच्या काळ्या पडलेल्या डिजिटल फळ्याकडे. मग बाटली उचलून आईपाशी आली, तिचा पदर ओढून तिला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, पण मला ऐकू आलं.

"हलू बोल, आये. ससा ऐकंल."

फळा बंद होता. वायर माझ्या कपाटात होती.